फायलोड्स ट्यूमर: गाठ निघाली, पण कडेचं काय?

या भागाचा विषय सुचला मावशीमुळे. तिच्या स्तनातली लिंबाएवढी गाठ चार महिन्यांत संत्र्याएवढी झाली. दुखत नव्हती, म्हणून ती गप्प बसली. बायोप्सीत नाव आलं, फायलोड्स ट्यूमर. घरात कुणी ऐकलंच नव्हतं.

स्तनाच्या सगळ्या गाठींमध्ये हिचं प्रमाण जेमतेम एक टक्का, किंवा त्याहूनही कमी. ग्रीकमध्ये 'फायलॉन' म्हणजे पान. गाठ कापली की आत पानांसारखी रचना दिसते, म्हणून १८३८ मध्ये योहानेस म्यूलर या जर्मन शास्त्रज्ञाने हे नाव दिलं.

नेहमीचा स्तनाचा कॅन्सर दुधाच्या ग्रंथी आणि नळ्यांमध्ये सुरू होतो. फायलोड्स वाढतो तो त्यांना आधार देणाऱ्या ऊतींमध्ये. त्याचे तीन प्रकार: साधा, मधला आणि कॅन्सरचा. बहुतेक गाठी साध्याच निघतात.

मग घोळ कुठे होतो? तरुण मुलींमध्ये फायब्रोअ‍ॅडेनोमा नावाची निरुपद्रवी गाठ खूप कॉमन आहे, आणि सोनोग्राफीत दोन्ही सारख्याच दिसू शकतात. सुईच्या बायोप्सीत गाठीचा छोटासा तुकडा येतो, त्यामुळे कधीकधी अख्खी गाठ काढल्यावरच खरं काय ते कळतं.

फायब्रोअ‍ॅडेनोमा शेंगेतून दाणा काढावा तसा काढता येतो. फायलोड्सचं तसं नाही. वरून ती गोल, सुटी वाटते, पण तिचे बारीक फाटे आजूबाजूला घुसलेले असू शकतात. ते आत राहिले तर गाठ पुन्हा येते. म्हणून सर्जन भोवतीचा थोडा निरोगी भागही काढतात. यालाच मार्जिन म्हणतात, आणि ते साधारण एक सेंटिमीटर असावं असा जुना नियम आहे. साध्या प्रकारात मार्जिन कमी मिळालं तरी आता बरेच डॉक्टर लगेच दुसरं ऑपरेशन न करता लक्ष ठेवतात. मधल्या आणि कॅन्सरच्या प्रकारात मात्र पुन्हा ऑपरेशनचा विचार होतो. गाठ फारच मोठी असेल तर पूर्ण स्तन काढावा लागू शकतो.

अजून एक फरक. हा आजार काखेतल्या गाठींमध्ये क्वचितच जातो, त्यामुळे त्या सहसा काढत नाहीत. कॅन्सरचा प्रकार पसरलाच तर रक्तातून, जास्त करून फुप्फुसात. हार्मोनच्या गोळ्यांचा इथे उपयोग नाही. काही जणींना रेडिएशन देतात. किमोचा रोल मर्यादित आहे.

मावशीची गाठ साधी निघाली. टाके सुटल्यावर ती म्हणाली, "झालं ना आता? परत कशाला जायचं?" तिथेच मी अडलो. गाठ परत यायची असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत येते. आता दर सहा महिन्यांनी मीच तिला तपासणीला नेतो.

तर मंडळी, घरात कुणाला गाठ लागली, विशेषतः भराभर वाढणारी, तर घाबरू नका पण थांबूही नका. ऑपरेशननंतर पॅथॉलॉजी रिपोर्ट मागून घ्या आणि डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: प्रकार कोणता? मार्जिन किती मिळालं? पुढची तपासणी कधी?

भेटू पुढच्या भागात!