झेंडे बदलले, घर टिकले

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात, अटलांटिक महासागराच्या काठी सेंट ऑगस्टीन नावाचे एक लहानसे शहर आहे. २०२० च्या जनगणनेनुसार तिथली वस्ती जेमतेम १४ हजार. पण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर युरोपीय लोकांनी वसवलेल्या आणि आजवर सलग नांदत्या राहिलेल्या शहरांत हेच सर्वांत जुने. स्पेनच्या पेद्रो मेनेंदेझने ते १५६५ मध्ये वसवले. इथल्या सेंट फ्रान्सिस स्ट्रीटवर शहरातले सर्वांत जुने घर उभे आहे.

हे घर शहराइतकेच जुने असल्याचे एके काळी पर्यटकांना सांगितले जाई. ते खरे नाही. १७०२ मध्ये कॅरोलिनाचा इंग्रज गव्हर्नर जेम्स मूर शहरावर चालून आला. नागरिकांनी सान मार्कोस किल्ल्याचा आसरा घेतला. किल्ला काही पडला नाही, पण माघारी फिरताना मूरने शहर जाळून टाकले. आजचे घर त्यानंतरचे आहे.

शिंपल्यांच्या भिंती

साधारण १७२३ च्या सुमारास तोमास गोन्सालेस हा किल्ल्यावरचा तोफची आपली पत्नी फ्रान्सिस्का हिच्यासह इथे राहू लागला. भिंतींसाठी वापरलेला दगड होता ‘कोकिना’. बारीक शिंपले एकमेकांना चिकटून तयार झालेला हा दगड समोरच्या अनास्तासिया बेटावर मिळतो. खाणीतून काढताना मऊ असतो, वाळला की टणक होतो. सान मार्कोस किल्लाही याच दगडाचा. जमीन मात्र चुना, वाळू आणि शिंपले एकत्र करून केलेली.

१७६३ मध्ये तहानुसार फ्लोरिडा इंग्रजांकडे गेला. गोन्सालेस कुटुंबाने चाळीस वर्षांचा संसार मागे ठेवून क्यूबाची वाट धरली.

मेरीचे दुर्दैव

१७७५ मध्ये जोसेफ पीव्हेट या इंग्रजाने हे घर विकत घेतले आणि दगडी घरावर लाकडी मजला चढवला. त्याची पत्नी मेरी सुईण होती. १७८३ च्या तहाने फ्लोरिडा पुन्हा स्पेनला मिळाला. बहुतेक इंग्रज निघून गेले, पण हे दोघे तिथेच राहिले.

१७८६ मध्ये जोसेफ वारला. थोड्याच काळात मेरीने जॉन हडसन या वयाने बऱ्याच लहान असलेल्या आयरिश तरुणाशी लग्न केले. नवऱ्याच्या उधळपट्टीने कर्जाचा डोंगर झाला आणि १७९० मध्ये राहत्या घराचा लिलाव पुकारला गेला. राजवट बदलली तेव्हा न सुटलेले घर सावकारांच्या तगाद्याने सुटले.

घर घेतले हेरोनिमो अल्वारेझ या स्पॅनिश पाववाल्याने. १८२१ मध्ये फ्लोरिडा अमेरिकेत सामील झाला, तरी अल्वारेझ कुटुंब हलले नाही. ते १८८२ पर्यंत, म्हणजे नव्वदहून अधिक वर्षे इथे नांदले.

पुढच्या मालकांनी घराला एक गोल बुरूजही जोडला होता. १९१८ मध्ये घर सेंट ऑगस्टीन हिस्टॉरिकल सोसायटीकडे आले. नंतरच्या डागडुजीत तो बुरूज उतरवण्यात आला. १९७० मध्ये घराला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

आज आत गेले की खाली गोन्सालेसच्या काळातल्या दगडी भिंती आणि वर पीव्हेटचा लाकडी मजला दिसतो. ज्या मेरीला हे घर सोडावे लागले, तिच्या आयुष्यावर युजेनिया प्राइस यांनी १९७७ मध्ये ‘मारिया’ ही कादंबरी लिहिली. घर हातचे गेले, पण त्याच्याशी जोडलेले मेरीचे नाव काही पुसले गेले नाही.