लीगमध्ये दुसरा आणि चौथा, तरी पहिल्याच फेरीत आमनेसामने! आइस हॉकीतलं प्लेऑफचं गणित नेमकं काय आहे?

साल २०१७. अमेरिका आणि कॅनडातली आइस हॉकीची सगळ्यात मोठी लीग म्हणजे एनएचएल. ३० संघांच्या गुणतक्त्यात वॉशिंग्टन ११८ गुणांसह पहिला, पिट्सबर्ग १११ गुणांसह दुसरा आणि कोलंबस १०८ गुणांसह चौथा. आता आपल्या आयपीएलच्या हिशोबानं विचार केला, तर वरच्या संघांना काहीतरी फायदा मिळायला हवा ना?

झालं उलटंच. पिट्सबर्ग आणि कोलंबस पहिल्याच फेरीत एकमेकांशी भिडले. कोलंबस ४-१ नं हरून घरी गेला. मग पिट्सबर्गची गाठ थेट वॉशिंग्टनशी पडली आणि सात सामन्यांच्या मालिकेनंतर तक्त्यातला अव्वल संघही बाहेर पडला. म्हणजे पहिल्या चारपैकी दोन संघ दुसरी फेरी संपेपर्यंत एकाच संघाकडून गारद झाले.

हे असं का होतं, तर त्याचं उत्तर आहे डिव्हिजन.

सिस्टीम काय आहे?

एनएचएलमध्ये आज ३२ संघ आहेत. त्यांच्या ईस्टर्न आणि वेस्टर्न अशा दोन कॉन्फरन्स आणि प्रत्येक कॉन्फरन्समध्ये आठ-आठ संघांच्या दोन डिव्हिजन. अटलांटिक आणि मेट्रोपॉलिटन पूर्वेला, सेंट्रल आणि पॅसिफिक पश्चिमेला.

प्लेऑफमध्ये १६ संघ जातात. प्रत्येक डिव्हिजनचे पहिले तीन थेट, आणि प्रत्येक कॉन्फरन्समधून गुणांवर आणखी दोन, ज्यांना वाइल्ड कार्ड म्हणतात. डिव्हिजनमधला दुसरा संघ तिसऱ्याशी खेळतो, तर पहिल्याच्या वाट्याला वाइल्ड कार्ड येतं. या दोन लढतींचे विजेते पुढच्या फेरीत भिडतात. प्रत्येक फेरीत चार सामने जिंकायचे, आणि अशा चार फेऱ्या पार केल्या की स्टॅनली कप हातात.

ही पद्धत २०१३-१४ च्या हंगामापासून सुरू आहे. त्याआधी १९९४ पासून प्रत्येक कॉन्फरन्समध्ये एक ते आठ असे क्रमांक लावले जायचे.

मग गोची कुठे होते?

सगळ्या डिव्हिजन सारख्याच ताकदीच्या नसतात. २०१७ मध्ये मेट्रोपॉलिटनमध्ये दादा संघांची गर्दी होती, तर शेजारच्या अटलांटिकमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावरच्या ओटावा आणि बोस्टनचे गुण होते ९८ आणि ९५.

त्यात गंमत म्हणजे, मेट्रोपॉलिटनमध्ये चौथा आलेला न्यूयॉर्क रेंजर्स १०२ गुणांवर वाइल्ड कार्ड ठरला आणि अटलांटिकच्या गटात टाकला गेला. म्हणजे चौथा आल्यामुळे त्याला तिसऱ्या आलेल्या कोलंबसपेक्षा सोपा रस्ता मिळाला.

तरी लीगला हे का हवंय?

कारण वैर! आणि वैर तयार व्हायला त्याच दोन संघांनी पुन्हा पुन्हा भिडावं लागतं.

याचा पुरावा ऐंशीच्या दशकात आहे. १९८२ ते १९९३ या काळात तर पहिल्या दोन फेऱ्या पूर्णपणे डिव्हिजनच्या आतच व्हायच्या. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातले एडमंटन आणि कॅल्गरी हे शेजारी १९८३ ते १९९१ मध्ये पाच वेळा भिडले. कॅल्गरी जिंकला फक्त एकदा, १९८६ मध्ये. सातवा सामना, स्कोअर २-२. एडमंटनच्या स्टीव्ह स्मिथनं दिलेला पास त्याच्याच गोलकीपरच्या पायाला लागून स्वतःच्या गोलमध्ये गेला. त्या दिवशी स्मिथचा २३ वा वाढदिवस होता. पुढच्या वर्षी एडमंटननं कप जिंकला, तेव्हा कॅप्टन वेन ग्रेट्स्कीनं तो सगळ्यात आधी स्मिथच्या हातात दिला.

पण त्याच पद्धतीची दुसरी बाजूही होती. १९८७-८८ मध्ये टोरांटोनं ८० पैकी फक्त २१ सामने जिंकले, तरी डिव्हिजन कमकुवत असल्यामुळे तो प्लेऑफमध्ये पोहोचला.

वैर की कंटाळा?

टीकाकारांचा आक्षेप इथेच आहे. एडमंटन आणि लॉस एंजेलिस २०२२ ते २०२५ सलग चार वर्षं पहिल्याच फेरीत भिडले आणि चारही वेळा एडमंटनच जिंकला. एकाच बाजूनं निकाल लागत राहिला, तर त्याला वैर म्हणायचं तरी कसं?

दुसरीकडे वॉशिंग्टन बघा. २०१६ आणि २०१७ मध्ये पिट्सबर्गनं त्यांना दुसऱ्या फेरीत बाहेर काढलं आणि दोन्ही वर्षं कप उचलला. २०१८ मध्ये पुन्हा तीच फेरी, तोच शत्रू. यावेळी वॉशिंग्टन जिंकला आणि पुढे इतिहासातला पहिला कपही. तो पिट्सबर्गला हरवून आला नसता, तर वॉशिंग्टनकरांना तितकाच गोड लागला असता का?

थोडक्यात काय, तर एक ते सोळा क्रमांक लावले की न्याय जास्त होतो, डिव्हिजन ठेवल्या की गोष्टी जास्त तयार होतात. एनएचएलनं सध्या तरी गोष्टी निवडल्यात, आणि त्याची किंमत कधी कधी कोलंबससारख्या संघाला मोजावी लागते.