माळावरची तरटी : संतकथेतील झुडूप, जमिनीचा जुना साक्षीदार

विशेष प्रतिनिधी, चितेगाव (ता. पैठण)

पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात संत कान्होपात्रेचे स्मरण म्हणून ज्या झाडापुढे वारकरी हात जोडतात, ते झाड तरटीचे आहे. मात्र ही तरटी नेमकी कोणती वनस्पती, ती मूळची कुठली आणि मंदिराबाहेर कोठे भेटते, असे विचारल्यास बहुतेकांना उत्तर देता येत नाही. वास्तविक मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्रातील कोरड्या, खडकाळ माळरानांवर ती शतकानुशतके वाढत आली आहे. पैठण रस्त्यावरील चितेगाव, बिडकीन परिसरासारख्या पट्ट्यांतील माळ आता औद्योगिक वसाहती, रस्ते आणि भूखंडांखाली जात असताना या दुर्लक्षित झुडपाची ओळख करून घेणे अगत्याचे ठरते.

ओळख कशी पटवावी?

तरटीचे शास्त्रीय नाव ‘कॅपॅरिस डायव्हरिकाटा’. फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे नाव दिले. ‘डायव्हरिकाटा’ म्हणजे फाकलेली. खोडापासून रुंद कोन करून सर्व बाजूंना पसरणाऱ्या फांद्यांवरून हे विशेषण आले. बहुधा हे झुडपाच्याच रूपात दिसते. तोड आणि चराई यांपासून संरक्षण मिळाल्यास त्याचा लहान वृक्ष होतो. पानांच्या बेचक्यात काट्यांची जोडी असते. पाने अरुंद, जाड आणि चिवट असतात. कडक उन्हात पाण्याचे बाष्पीभवन रोखण्यासाठी अशी पाने उपयोगी पडतात.

उन्हाळ्याच्या तोंडावर, माळावरील गवत वाळून पिवळे पडलेले असताना तरटी फुलते. फुलातील असंख्य लांब पुंकेसर चटकन नजरेत भरतात. या कुळाचे वैशिष्ट्य असे, की बीजांडकोश फुलाच्या तळाशी न राहता एका लांब दांडीच्या टोकावर उचललेला असतो. पुढे त्याच दांडीवर फळ लोंबू लागते. तरटीच्या फळावर उभ्या कडा असतात आणि पिकल्यावर ते लाल होते.

तरटीचे नातलग मात्र मराठी माणसाच्या परिचयाचे आहेत. आषाढी एकादशीचा उपवास द्वादशीला सोडताना जिची भाजी केली जाते ती वाघाटी ही तरटीचीच बहीण. पाचुंदा आणि नेपती ही माळावरची झाडेही याच प्रजातीतील. भूमध्य सागरी प्रदेशात ज्याच्या कळ्या खारवून खातात ते ‘केपर’ हेही याच गोतावळ्यातले. या कुळातील झुडपांच्या पानांवर पिवळसर-पांढऱ्या रंगाची अनेक फुलपाखरे अंडी घालतात. ‘पायोनियर’ हे त्यांपैकी एक. झुडूप तुटले की अळ्यांचे अन्नही तुटते.

कान्होपात्रेची कथा

कान्होपात्रा मंगळवेढ्याची. गणिकेच्या पोटी जन्मलेल्या या मुलीने विठ्ठलभक्तीचा मार्ग धरला. तिच्या रूपाची कीर्ती ऐकून बीदरच्या बादशहाने तिला आणण्यासाठी माणसे धाडली, तेव्हा तिने पांडुरंगाच्या पायांवर डोके ठेवून देह ठेवला, अशी परंपरागत कथा आहे. अठराव्या शतकात महिपतींनी ‘भक्तविजय’ ग्रंथात तिचे चरित्र सांगितले. मंदिराच्या दक्षिणद्वारापाशी तिला पुरले आणि त्या जागी तरटीचे झाड उगवले, अशी श्रद्धा आहे. वड, पिंपळ किंवा तुळस न येता या कथेत माळावरचे काटेरी झाड यावे, ही बाब अर्थपूर्ण आहे. भीमाकाठचा पंढरपूर-मंगळवेढा हा भाग कमी पावसाचा. त्या भागातील लोकांच्या रोजच्या पाहण्यात असलेले झाडच कथेत आले असावे.

साहित्यातून इतिहास

याच धाग्याचा शास्त्रीय वेध २०२५ मध्ये घेतला गेला. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी पश्चिम महाराष्ट्रातील जुन्या ओव्या, कथा, संतचरित्रे यांतील वनस्पतींचे उल्लेख तपासले. ‘पीपल अँड नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधानुसार या साहित्यात ४४ रानवनस्पती आढळल्या आणि त्यांपैकी जवळजवळ दोनतृतीयांश माळरानांच्या होत्या. तरटी त्यांतलीच एक. साडेसातशे वर्षांपूर्वीही येथे उघडी, गवताळ, विरळ झाडांची भूमी होती, असा त्याचा अर्थ.

हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. ‘येथे पूर्वी घनदाट अरण्य होते, ते तोडल्यामुळे माळ उरला’ ही समजूत इंग्रजी अमदानीपासून रुजलेली आहे. प्रत्यक्षात उष्ण कटिबंधात सलग गवत आणि त्यात विखुरलेली झाडे-झुडपे अशी एक स्वतंत्र परिसंस्था असते. तिला ‘सॅव्हाना’ म्हणतात. आफ्रिकेतील सॅव्हाना सर्वांना चित्रपटांतून ठाऊक आहे. दख्खनचा माळ हा त्याच जातकुळीचा आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. बेसॉल्ट खडकावरील मातीचा पातळ थर, वर्षातील आठ महिने कोरडे, चराई आणि अधूनमधून लागणारे वणवे यांनी ही परिसंस्था घडवली. येथील वनस्पतींना भरपूर ऊन लागते. सावली त्यांना मारक ठरते.

‘पडीक’ शिक्क्याचा फटका

शासकीय दप्तरात मात्र अशा जमिनीची नोंद बहुधा ‘पडीक’ अशीच होते. केंद्र सरकारने २००० पासून वेळोवेळी प्रसिद्ध केलेल्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहांतही झुडपी जमिनींचा समावेश आहे. जमीन पडीक ठरली, की तिचे दोनच उपयोग सुचतात : उद्योग किंवा वृक्षलागवड. उद्योगांनी माळ जातो हे उघड दिसते. लागवडीने होणारे नुकसान मात्र हिरव्या रंगाखाली झाकले जाते. राज्यात २०१६ ते २०१९ या काळात वृक्षलागवडीच्या मोठ्या मोहिमा झाल्या. २०१९ चे उद्दिष्ट ३३ कोटी रोपांचे होते. माळावर खड्डे खणून ग्लिरिसिडियासारखी परदेशी झाडे दाट लावली, तर खालचे गवत सावलीने मरते. त्यासोबत मेंढपाळांचा चारा, माळटिटवी-धाविकांसारख्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या जागा आणि तरटी, तरवड, हिवर यांची पुढची पिढीही संपते.

झाडे लावू नयेत, असा याचा अर्थ नाही. गावठाण, रस्त्यांच्या कडा, शहरातील मोकळ्या जागा येथे सावली हवीच. प्रश्न माळाचा आहे. खड्डे खणण्यापूर्वी तेथे आधीपासून काय उगवते याची नोंद झाली, तर पुष्कळ नुकसान टळेल. अशी नोंद करण्यासाठी आधारही उपलब्ध आहे. प्रा. व्ही. एन. नाईक यांचा मराठवाड्यातील वनस्पतींवरील ग्रंथ १९९८ मध्ये याच शहरातून प्रसिद्ध झाला. औद्योगिक वसाहतींनी आपल्या आवारातील हरितपट्ट्याचा एखादा कोपरा मूळ गवत व झुडपांसह राखून ठेवला, ग्रामपंचायतींनी गायरानातील काटेरी झुडपे ‘साफसफाई’तून वगळली, तरी पुरेसे आहे. तरटीला पाणी घालावे लागत नाही की कुंपण करावे लागत नाही. तिची जागा तिच्याकडे राहू देणे, एवढीच तिची गरज आहे.