बंदूक खेळण्यातली, बॅटरी खरी

२०२२ मधली वसईची बातमी सगळ्यांनी वाचली होती, तिची उजळणी नको. घरात चार्जिंगला लावलेली इ-स्कूटरची बॅटरी फुटली आणि सात वर्षांचा मुलगा ३० सप्टेंबरला दगावला. तिच्याइतकी वाचली न गेलेली बातमी वेगळीच आहे. बॅटऱ्यांच्या सुरक्षेचे सुधारित नियम १ ऑक्टोबरपासून लागू व्हायचे होते. केंद्राने ते २७ सप्टेंबरला पुढे ढकलले. पहिला टप्पा १ डिसेंबरवर गेला, दुसरा ३१ मार्च २०२३ वर. कारखानदारांना सवड मिळाली, एवढं खरं.

स्कूटरसाठी निदान नियम तरी ठरले. खाडीच्या अलीकडे, मीरा-भाईंदरच्या दुकानांत दिवाळीच्या तोंडावर टांगल्या जाणाऱ्या जेल-गोळ्यांच्या बंदुकांचं काय? त्यातली एक मी स्क्रू काढून उघडली. आत ७.४ व्होल्टची लिथियम बॅटरी, लाल-काळी तार, चापामागे पत्र्याच्या दोन पट्ट्यांचा स्विच, दातेरी चाकं आणि मोटर. संपलं. फ्यूज कुठेच नाही.

मोठ्यांच्या एअरसॉफ्ट, म्हणजे प्लॅस्टिकच्या गोळ्या मारणाऱ्या, बंदुकीत तो सहसा असतो. टोकियो मारुई या जपानी कंपनीने १९९१ मध्ये बॅटरीवर चालणारी 'फामास' बंदूक बाजारात आणली, तिथून हा प्रकार फोफावला. चाप ओढला की मोटर दातेरी चाकांतून स्प्रिंग मागे खेचते. एखादा दात अडकला की खरी गंमत. फिरणारी मोटर स्वतःच उलटा दाब तयार करून प्रवाहाला आवर घालत असते. ती जागीच थांबली की आवर सुटतो आणि बॅटरी देईल तेवढी वीज तारेतून वाहू लागते. ११०० मिलिअँपिअर-तासांच्या, '२०सी' (म्हणजे क्षमतेच्या वीस पट प्रवाह) लिहिलेल्या बोटभर बॅटरीची कबुलीच मुळी सलग २२ अँपिअरची असते. घरातला मोबाइल चार्जरचा साधा सॉकेट ६ अँपिअरचा! ७.४ व्होल्टने झटका बसत नाही म्हणून आपण निर्धास्त राहतो. पण तार तापवायला, तिच्यावरचं प्लॅस्टिक वितळवायला अँपिअर पुरतात.

गंमत अशी, की फ्यूज असला तरी आपण तो टिकू देत नाही. घरातला किटकॅट फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार गुंडाळून देणारा 'हुशार' माणूस प्रत्येक चाळीत होता, अजून आहे. एअरसॉफ्टवालेही मागे नाहीत. गोळ्या सुटण्याचा वेग कमी होतो म्हणे, म्हणून फ्यूज काढून तारा थेट डाखल्या जातात. फ्यूज का उडाला, हे मात्र कुणी विचारत नाही.

पण फ्यूजलाही फार डोक्यावर घेऊ नये. चार्जिंगच्या वेळी बॅटरी बंदुकीबाहेर असते, बंदुकीतला फ्यूज तिथे करणार काय? ७.४ व्होल्ट म्हणजे दोन सेल, पूर्ण भरल्यावर ८.४. आता एक सेल ४.० वर आणि दुसरा ४.४ वर असला तरी बेरीज ८.४ च. स्वस्तातली दोन तारांची यूएसबी केबल फक्त बेरीज पाहते आणि दुसरा सेल मर्यादेबाहेर जातो. बॅटरीच्या आत संरक्षक सर्किट नसेल, तर त्याला अडवणारं कुणी नाही. तीन तारांचा छोटा पांढरा प्लग असलेली बॅटरी आणि तो प्लग लागणारा चार्जर असेल, तर प्रत्येक सेल वेगळा मोजला जातो. फुगलेली बॅटरी मात्र कुठल्याच चार्जरला लावू नये.

कायदा आहे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, विजेवरच्या खेळण्यांसाठी वेगळं मानकही आहे. पण आदेश १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांपुरता. मग खोक्यावर '१४+' छापायचं आणि आठ वर्षांच्या पोराच्या हातात द्यायचं. ही पळवाट न कळण्याइतके अधिकारी भोळे नसावेत.

ते जागे होईपर्यंत बंदुकीत फ्यूज तरी बसवावा. मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात पात्यांचे रंगीत फ्यूज किरकोळ पैशांत मिळतात: निळा १५ अँपिअरचा, पिवळा २० चा. तारेला जेवढं झेपतं त्याहून कमीचा घ्यायचा आणि लाल तारेवर बॅटरीच्या अगदी जवळ बसवायचा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली तार तो वाचवत नाही.