बिल वाचा, मग पैसे द्या

आपण कामासाठी परगावी जातो. कधी दवाखाना असतो, कधी कोर्टाची तारीख असते. मुक्कामाला लॉजवर उतरावे लागते. तिथे जास्तीचे पैसे जाऊ नयेत म्हणून काय करावे, ते आज पाहू.

आमच्या साक्षरता वर्गातले एक आजोबा गुडघा दाखवायला पुण्याला गेले. सोबत मुलगा होता. खोलीचे भाडे दिवसाला १,००० रुपये ठरले. दोन दिवस राहिले. निघताना मुलाने क्रेडिट कार्ड दिले.

क्रेडिट कार्ड म्हणजे उधारीचे कार्ड. आज बँक पैसे भरते, पुढे आपण बँकेला देतो. हातातून नोटा जात नाहीत, म्हणून किती गेले ते चटकन कळत नाही.

मुलाच्या मोबाइलवर निरोप आला, २,६०० रुपये गेले! मुलगा म्हणाला, "जाऊ द्या बाबा, शहरात असंच असतं." पण आजोबांनी बिल हातात घेतले. अक्षर अक्षर जुळवून वाचले. भाडे २,०००. जीएसटी १००. सेवा शुल्क २००. जादा गादी ३००.

जीएसटी हा सरकारी कर आहे, तो द्यावाच लागतो. पण सेवा शुल्क सरकारचे नव्हे, ते हॉटेलवाल्याकडे जाते. ते आपोआप बिलात घालू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली सांगितले आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ साली ते उचलून धरले. सेवा आवडली तर खुशीने द्यावे, सक्ती नाही.

आणि गादी? ती तर घेतलीच नव्हती.

आजोबांनी मालकाला शांतपणे विचारले. मालकाने वही पाहिली, चूक कबूल केली. ५०० रुपये त्याच कार्डावर परत केले आणि तशी पावती दिली. मजुराची एक दिवसाची मजुरी वाचली!

मालकाने ऐकले नसते तर? तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. बिलाची नक्कल जोडून कार्डाच्या बँकेलाही लगेच लेखी कळवावे. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

म्हणून एवढे करा. खोली घेतानाच विचारा, "कर धरून एकूण किती?" ते कागदावर लिहून घ्या. बिल वाचल्याशिवाय कार्डाचा पिन दाबू नका. पावती जपून ठेवा. "पैसे परत करतो, पिन सांगा," असा फोन आला तर पिन किंवा ओटीपी मुळीच सांगू नका.

भीड ही भिकेची बहीण. आपण वाचायला शिकलो, ते विचारण्यासाठीच. विचारायला लाज कसली?