विंचू, वेदना आणि एक छोटंसं दार

विंचू चावला की आपल्याकडे अजूनही आधी उतरवणारा शोधतात. डॉक्टर नंतर. मैत्रिणींनो, हा डंख आत नेमकं काय करतो, ते समजलं तर ही घाई उलटी व्हावी.

आपल्या नसांच्या भिंतीत अगदी बारीक दारं असतात. दार उघडलं की सोडियम आत शिरतं (आपल्या मिठातलंच ते!) आणि निरोप मेंदूकडे धावतो: दुखतंय. क्षणात दार बंद. लाल विंचवाचं विष हे दार बंदच होऊ देत नाही. मग निरोपांमागून निरोप. ते फक्त दुखण्याच्या नसांतच नाही, तर हृदय, रक्तदाब सांभाळणाऱ्या नसांतही. रक्तदाब भडकतो, हृदय थकतं, फुफ्फुसात पाणी होतं. माणूस जातो तो यानं.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणात हे रुग्ण रात्र रात्र उशाशी बसून पाहिले. रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी त्यांनी १९८०च्या दशकात वापरली. गंभीर रुग्णांत पूर्वी शंभरातले पंचवीस-तीस जात. योग्य उपचार मिळतात तिथे ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

आमच्या नगर जिल्ह्यात शेवगाव-नेवाशाकडे ऊसतोडीच्या हंगामात मी फडांवर जाते. पाचटाच्या कोप्या, जमिनीवर अंथरुण, शेजारी सरपण. विंचवाला आणखी काय हवं? एकदा मोळी बांधताना एकीला डंख बसला. "लई न्हाई दुखत ताई, उतरंल," म्हणत बसली होती. पण थंडीत कपाळावर घामाच्या धारा, हात गार, दोनदा उलटी. मुकादमाची गाडी काढायला लावली आणि दवाखाना गाठला. वाचली. बायकांचं सोसणं कौतुकाचं खरं, पण इथे ते जिवावर येतं. दुखणं कमी म्हणजे विष कमी, असं नसतं. घाम, उलटी, गार हातपाय दिसले की १०८ला फोन लावायचा.

ही दारं बाहेरून बंदही करता येतात. दात काढताना देतात ते लिग्नोकेनचं इंजेक्शन हेच करतं. फक्त सरसकट, म्हणून ओठही लुळा पडतो. एकट्या दुखण्याचं दार बंद करता आलं तर? पाकिस्तानातल्या काही कुटुंबांतली मुलं अशी निघाली की त्यांना वेदना ठाऊकच नाही. जन्मतःच एक दार निकामी. २००६ मध्ये हे उघड झालं. हेवा वाटेल, पण ती मुलं स्वतःची जीभ चावून घेत, हाड मोडलं तरी चालत राहत.

शास्त्रज्ञांनी मग शेजारचं दुसरं दार धरलं, जे मुख्यतः वेदनेच्याच नसांत असतं. त्यावरच्या सुझेट्रिजीन या गोळीला अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये मान्यता मिळाली, मोठ्यांच्या अचानक उद्भवणाऱ्या मध्यम ते तीव्र दुखण्यासाठी. शस्त्रक्रियेनंतरच्या चाचण्यांत तिनं आराम दिला; अफूच्या जातीच्या गोळीहून सरस मात्र ठरली नाही. पण अफूसारखी चटक लावणारी नाही, हे माझ्या मते मोठं. विंचवाच्या विषावरचा उतारा ती नव्हे. तिथे अजून प्राझोसिन आणि प्रतिविषाची लसच.