अंदलुसला जायचं ते रडायला नव्हे

आमच्या मोरा-उरण पट्ट्यात परदेशाचं कौतुक आता राहिलेलं नाही. कुणाचा भाऊ कुवेतला आहे, कुणाचा जावई दोह्याला, कुणी जहाजावर. पण ते जाणं रोजीरोटीसाठी. नुसतं फिरायला, मुलंबाळं आणि घरातलं म्हातारं माणूस बरोबर घेऊन स्पेनला जायचं म्हटल्यावर लोक थबकतात. आम्ही हे बोलून दाखवलं तेव्हा दोनच प्रश्न सगळीकडून आले. एक, "त्याच पैशात उमराह झाला नसता का?" दुसरा, "तिथे आता आपलं राहिलंय काय?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. ज्यांच्यावर हज फर्ज झाला आहे त्यांनी आधी हज करावा, याबद्दल दुमत नाही. अम्मींचा हज झालेला आहे आणि हक्काचं देणं कुणाचं बाकी नव्हतं. त्यानंतर हलालच्या कमाईतून घरच्यांना घेऊन अल्लाहची जमीन पाहायला निघणं यात लाजण्यासारखं काही आम्हाला दिसत नाही. आणि आपल्या जिल्ह्यातल्या मुस्लिम घराला युरोपची सहल नवीही नाही. १९०८ साली जंजिऱ्याचे नवाब सिद्दी अहमदखान, त्यांच्या बेगम नाझली रफिया आणि बेगमसाहिबांच्या भगिनी अतिया फैजी युरोपला गेल्या होत्या. नाझली बेगमनी त्या प्रवासाचं पुस्तक उर्दूत लिहिलं, 'सैर-ए-यूरोप'. अर्थात ते नवाबाचं घर. आम्ही दोन पगारांतून तीन वर्षं बाजूला टाकत गेलेली माणसं.

दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र हा लेख लिहावा लागला.

आधी तयारीचं सांगतो, कारण घोडं तिथेच अडतं. स्पेनसाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपर्यंत करता येतो आणि तो लवकरच करावा. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना माफ. केंद्राचा सेवा आकार वेगळा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा हवा. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावं लागतं, बारा वर्षांखालच्या मुलांना मात्र ठसे माफ असतात. भेटीची वेळ "मिळवून देतो" म्हणणारे एजंट भरपूर भेटतात. आम्हालाही एकाने माणशी हजारोंचा आकडा सांगितला. रोज सकाळी थोडा वेळ संगणकासमोर बसलं की तीच वेळ फुकट मिळते. बँकेचा हिशेब, रजेचा दाखला, हॉटेलची नोंदणी हे सगळं खरंखुरं आणि एकमेकांशी जुळणारं असावं, एवढंच.

मे महिन्याची सुट्टी तिथे बरी. जुलै-ऑगस्टमध्ये कुर्तुब्याचा पारा चाळिशीच्या वर जातो, म्हातारं माणूस घेऊन तेव्हा जाऊ नये. आखाती शहरात विमान बदलून माद्रिद, तिथून वेगवान गाडीने दोन तासांच्या आत कुर्तुबा, मग गरनाता आणि शेवटी समुद्रकाठचं मलागा, असा आमचा बेत होता. स्पेनचं घड्याळ सूर्याच्या बरंच पुढे चालतं. त्यामुळे उन्हाळ्यात जोहरची वेळ सव्वादोनच्या सुमारास लागते, मगरिब साडेनऊच्या आसपास आणि इशाला अकरा वाजतात. लहान मुलं पेंगतात. शाफई घरांना प्रवासात कसरबरोबर दोन नमाजा एकत्र करण्याची सवलत आहे, तिचा इथे खरा उपयोग कळतो. हनफींचा हिशेब वेगळा. निघण्यापूर्वी आपापल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावं. किबल्याचीही एक गंमत आहे. मोऱ्याला मगरिबला आपण मावळतीकडे तोंड करून उभे राहतो. तिथे काबा पूर्वेला, म्हणजे मावळत्या सूर्याकडे पाठ. पहिल्या संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत आमचा धाकटा सवयीने खिडकीकडे तोंड करून उभा राहिला आणि अम्मींनी त्याला खांद्याला धरून गर्रकन फिरवला.

कुर्तुब्याच्या मशिदीबद्दल आपण सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. उर्दू शिकणाऱ्यांना तर इक्बालसाहेबांच्या 'मस्जिद-ए-कुर्तुबा'मुळे ती पाठच असते. १९३३ साली ते तिथे गेले होते, नमाज पढतानाचा त्यांचा फोटोही प्रसिद्ध आहे. पण आज तिथे आपल्याला नमाज पढता येत नाही, हे घरूनच समजून जावं. ती इमारत १२३६ पासून कॅथेड्रल आहे, तिथे रोज ख्रिस्ती प्रार्थना होते आणि रखवालदारांचं लक्ष असतं. २०१० मध्ये ऑस्ट्रियाहून आलेल्या काही मुस्लिम तरुणांनी आत नमाज सुरू केली तेव्हा झटापट झाली आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. त्यातून कुणाला काय मिळालं, आम्हाला सांगता येणार नाही.

अम्मींच्या मनात दोन रकातींची आस होती. आम्ही मोऱ्यालाच त्यांना सगळं सांगितलं होतं, तरी आत गेल्यावर पाय थांबायचे ते थांबलेच. संत्र्यांच्या झाडांचं अंगण ओलांडून आत शिरलं की खांबच खांब दिसतात, आजही ८५६ उरले आहेत. त्यांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दुहेरी कमानी. मधोमध सोळाव्या शतकात छत फोडून उभं केलेलं उंच कॅथेड्रल. दक्षिणेच्या भिंतीत दुसऱ्या हकमच्या काळची मेहराब, बायझंटाइन कारागिरीच्या सोनेरी काचतुकड्यांनी मढवलेली, तिच्याभोवती कुरआनच्या आयती. कठड्यापाशी उभ्या राहून अम्मी बराच वेळ मनातल्या मनात दरूद पढत होत्या. कुणी हटकलं नाही. जोहर आम्ही कोलोन बागेतल्या लहानशा मशिदीत पढलो. गृहयुद्धाच्या काळात फ्रँकोच्या बाजूने लढायला आणलेल्या मोरोक्कन सैनिकांसाठी ती बांधली गेली होती. इतिहास असा वाकड्या वाटेनेही येतो.

नववीत असलेल्या मुलीने मग जो प्रश्न विचारला तो घरोघरी विचारला जाईल, म्हणून लिहितो. "मशिदीच्या आधी इथे काय होतं?" मास्तरकी करणाऱ्या माणसाला इथे अर्धं उत्तर देऊन चालत नाही. जुनी परंपरा सांगते की इथे संत व्हिन्सेंटचं चर्च होतं. पहिल्या अब्दुर्रहमानने आठव्या शतकात ती जागा पैसे देऊन घेतली आणि मशीद बांधायला काढली. चर्च नेमकं केवढं आणि कुठे होतं यावर संशोधकांत वाद आहेत. पण मशिदीचे बरेचसे खांब त्याहूनही जुन्या रोमन इमारतींचे आहेत, हे डोळ्यांना दिसतं. एका खांबासारखा दुसरा नाही. मुलगी म्हणाली, "म्हणजे प्रत्येकाने दुसऱ्याचं घेतलंय." आम्ही म्हटलं, "घेतलंय, आणि सांभाळलंयही." छत फोडलं ते वाईटच केलं. पण उरलेले खांब उभे राहिले आणि मेहराब जागेवर राहिली, हेही त्याच लोकांच्या हातून झालं. आजच्या आपल्या देशात हा विषय मुलांशी कोणत्या सुरात बोलावा, हे घराघरांतल्या मोठ्यांना ठरवावंच लागतं. आम्हाला वाटतं, पुरं खरं सांगावं आणि आवाज चढवू नये.

त्यासाठी मोऱ्याच्या माणसाला फार लांब जायलाही नको. करंज्याच्या द्रोणागिरीवर पोर्तुगीजांच्या काळच्या चर्चचे अवशेष आहेत. सोळाव्या शतकात ते इथे आले, अठराव्यात मराठ्यांनी त्यांना काढलं, मग इंग्रज आले. समोरच्या घारापुरीचं एलिफंटा हे नाव पोर्तुगीजांनीच ठेवलं, तिथे सापडलेल्या दगडी हत्तीवरून. तो हत्ती आता राणीच्या बागेत आहे. मोऱ्याच्या धक्क्यावर कितीतरी सत्ता उतरल्या आणि परत चढल्या.

कुर्तुब्याहून आठ-दहा किलोमीटरवर मदीनतुज्जहराचे भग्नावशेष आहेत. तिथे जायला लोक कंटाळा करतात, पण आमच्या मते मुलांना तिथे न्यावंच. तिसऱ्या अब्दुर्रहमानने ९३६च्या सुमारास ही महालनगरी बांधायला घेतली. पाऊण शतकही झालं नाही तोच ती लुटली आणि जाळली गेली. कुणी जाळली? ख्रिस्ती राजांनी नव्हे. खिलाफतीतल्या आपसांतल्या यादवीत, मुस्लिम सैनिकांच्याच हातून. आपल्याकडच्या जलशांत अंदलुसची गोष्ट सांगताना हे पान बहुधा उलटलं जातं. तुकडे तुकडे झालेली अंदलुसची राज्यं एकमेकांविरुद्ध ख्रिस्ती राजांना खंडणी देत होती, हेही आपण सांगत नाही. १४९२ साली गरनाता पडल्यावर त्याच वर्षी यहुदी लोकांना देशाबाहेर काढलं गेलं. जबरदस्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांची वंशपरंपरा १६०९ नंतरच्या पाच वर्षांत हाकलली गेली. हे दुःख खरं आहे, त्याला कुणी नाही म्हणत नाही. पण नुसतं दुःख घेऊन फिरलं तर समोरचं काही दिसत नाही.

गरनात्यात अल-हमरा दिसतो. त्याची तिकिटं काही आठवडे आधी काढावी लागतात. ती नावानिशी असतात, पासपोर्ट जवळ लागतो आणि नसरी महालांत शिरायची वेळ तिकिटावर छापलेली असते. ती चुकली तर आत सोडत नाहीत. भिंतीभिंतीवर, कमानीकमानीवर एकच वाक्य कोरलेलं आहे, 'व ला गालिब इल्लल्लाह'. अल्लाहशिवाय कुणी विजयी नाही. धाकट्याने मोजायला घेतलं आणि पहिल्याच दालनात हात टेकले. पाणी तर असं खेळवलंय की उन्हात फिरतानाही डोक्याला थंड वाटतं. संध्याकाळी समोरच्या अलबायसिन टेकडीवर गेलो. तिथे २००३ साली उघडलेली नवी मशीद आहे. जवळपास पाचशे वर्षांनी गरनात्यात बांधलेली. बागेत कुणीही येऊन बसतं. आमच्या शेजारी स्पॅनिश म्हातारं जोडपं सूर्यफुलाच्या बिया सोलत अल-हमराकडे पाहत बसलं होतं. मगरिबची अजान झाली तशी आम्ही आत गेलो, ती दोघं तिथेच बसून राहिली.

खाण्याबद्दल थोडं स्पष्ट लिहितो. डुकराच्या मांड्या दुकानांत छताला टांगलेल्या असतात, त्याने दचकू नये. धोका असतो तो न दिसणाऱ्या गोष्टींत. टोमॅटोच्या थंड दाट सूपवर वरून मांसाचा चुरा टाकतात, काही बिस्किटांत डुकराची चरबी असते, रश्शांत दारू. 'सिन सेर्दो' म्हणजे डुकराशिवाय, हे दोन शब्द पाठ करावेत आणि तरी पुन्हा विचारावं. बटाटा-अंड्याचं जाड ऑम्लेट, मासळी, फळं आणि ऑलिव्ह यांवर दिवस निघतो. गरनात्यात मोरोक्कन लोकांच्या चहाच्या गल्ल्या आहेत, तिथे हलाल मिळतं.

आणि शब्द! ज्या घरात मुलं मदरशात अरबी वाचतात, त्यांना स्पेनमध्ये दुकानाच्या पाट्या वाचणं हाच एक खेळ होतो. साखरेला आसूकार म्हणतात, ते अरबी सुक्करवरून. तांदूळ अर्रोस, म्हणजे रुज्ज. तेल आसेइते, जैत. केशर आसाफ्रान, जाफरान. संत्रं नारान्खा, आपल्या नारिंगीचंच भावंड. 'तसं होवो' म्हणायला ते 'ओखाला' म्हणतात, त्यात अल्लाहचं नाव दडलेलं आहे आणि बोलणाऱ्याला बहुधा माहीतही नसतं. पण आपण तरी कुठे रोज आठवतो की पाव, बटाटा, चावी, पगार आणि घमेलं हे शब्द त्याच द्वीपकल्पातून, पोर्तुगीजांच्या जहाजातून आपल्या किनाऱ्यावर उतरलेले आहेत? मुलीने वहीत दोन रकाने पाडले. परत येईपर्यंत आसूकारच्या बाजूचा रकाना साठ शब्दांवर गेला होता.

शेवटचे तीन दिवस मलाग्याला ठेवले होते, नुसत्या आरामाला. समुद्रकिनाऱ्यावर लोक कमी कपड्यांत असतात, हे सांगून ठेवलेलं बरं. आम्ही सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात जायचो. तेव्हा किनाऱ्यावर म्हातारी माणसं, कुत्रे घेऊन फिरणारे आणि आपल्यासारखी कुटुंबंच असतात. अम्मी आणि मुलगी डोईवरच्या ओढणीसह पाण्यात गुडघ्यापर्यंत उभ्या राहिल्या, कुणी वळून पाहिलं नाही. दुपारी तिथे निम्मं गाव झोपतं. आम्हीही झोपलो. अब्बा गेल्यापासून अम्मींना दुपारची अशी गाढ झोप लागलेली आम्ही पाहिली नव्हती.

तिथल्या वाळूत जुनी होडी मांडून तिच्यात वाळू भरतात, वर लाकडं पेटवतात आणि वेताच्या काडीला ओवलेली मासळी आचेशी खोचून भाजतात. वर फक्त जाडं मीठ. मासळी म्हणजे आपली तारलीच. मोऱ्याच्या कोळीवाड्याशेजारी वाढलेल्या अम्मींनी पहिला घास घेऊन निवाडा दिला, "ताजी आहे, पण कोकम नाही." होडीजवळच्या माणसाला त्यातलं काही कळलं नाही. त्याने हसून आणखी एक काडी आणून ठेवली.

धाकटा मात्र दोन दिवस वाळूत एक काठी रोवून बसला होता. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला येणारी लाँच ओहोटीला गाळामुळे तासन्‌तास बंद राहते, हे त्याने जन्मापासून पाहिलंय. इथे पाणी खाली कधी जातं, ते त्याला पाहायचं होतं. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच. तिसऱ्या दिवशी पाणी काठीपासून वीतभरही हललेलं नाही हे पाहून तो म्हणाला, "म्हणजे इथले लोक लाँचची वाट बघत कधी बसतच नाहीत?"